वजन जयंतीला विचारा

हरणाचा हिवाळी केस आतून पोकळ असतो. उन्हाळी केस वाकवला तर लवतो, हिवाळी मोडतो, आणि मोडल्या जागी बारीक पांढरी घडी उरते. त्या पोकळीत हवा कोंडलेली असते, म्हणून उणे तीस अंशांतही जनावर तग धरतं. जयंतीने कोटाच्या बाहीवरून तसा एक केस उचलला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेडात धरला आणि वाकवला. मोडला. मग दुसरा उचलला.

बाहीच्या टोकाला रक्त होतं. वाळून ते तपकिरी झालं होतं. ते थंड पाण्यात भिजत घालायला हवं होतं, गरम पाण्याने डाग बसतो. पण सिंकमध्ये गोळाभाताची डाळ भिजत होती आणि पाहुणे पाचला येणार होते.

खाली बेसमेंटमध्ये नंदन प्रोजेक्टर लावत होता. त्याची शीळ वरपर्यंत ऐकू येत होती. सकाळी हायवेवर जे झालं, त्यानंतर हा माणूस शीळ घालू शकतो याचं जयंतीला नवल वाटलं नाही. नवल वाटायचे दिवस मागे पडले होते.

जयंती परळच्या कॉलेजातून पशुवैद्य होऊन कॅनडात आली होती. इथल्या लायसन्सच्या परीक्षा द्यायच्या होत्या, पण केया झाली, नंदनच्या पोटॅशच्या खाणीतल्या शिफ्ट सुरू झाल्या आणि परीक्षा राहिल्या त्या राहिल्याच. सस्काटूनमधल्या एका पशुरोग प्रयोगशाळेत ती टेक्निशियन म्हणून लागली. मेलेली गुरं फाडून ती कशाने मेली ते शोधायचं. कधी फार्मवर जाऊन जागच्या जागी काम करावं लागे, म्हणून सुऱ्यांची पिशवी कायम गाडीच्या डिकीत असे. बोलायचं काम फारसं नव्हतं. ते तिला मानवलं.

बोलायचं काम घरात नंदन करायचा. मूळचा नागपूरचा, चंद्रपूरच्या कोळशातून पोटॅशमध्ये आलेला, गेल्या वर्षी रिटायर झालेला. मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात तो उभा राहिला की लोक खुर्च्या पुढे ओढत. आणि गेली चार वर्षं त्याच्याकडे आफ्रिका होती. दोनदा ते दोघं तिथल्या सफारी कॅम्पांवर राहून आले होते, पहिल्यांदा टांझानियाला, दुसऱ्यांदा झांबियाला.

या माणसाबरोबर आपण राहायचं नाही, हे जयंतीने झांबियातल्या एका हॉस्पिटलच्या वॉशरूममध्ये, आरशासमोर ठरवलं होतं. त्याला दीड वर्ष झालं. सांगितलं मात्र नव्हतं. आधी बरगड्या जुळून यायच्या होत्या, मग नंदनच्या रिटायरमेंटची पार्टी होती, मग त्याचा गुडघा. केयाला तेवढं माहीत होतं. ती दूर किचनर शहरात नोकरी करत होती, तिच्या घरात एक खोली रिकामी होती. मागच्या रविवारी ती फोनवर म्हणाली होती, "आई, यू कीप सेइंग आफ्टर. आफ्टर व्हॉट?"

आणि आता नंदनने तिसरी सफर ठरवली होती. ऑगस्टमध्ये, या वेळी जीपमधून नव्हे, पायी चालत. सोबत डॉक्टर शशिकांत आणि उल्काताई. डॉक्टर म्हणजे आयुष्यभर हॉस्पिटलात भूल दिलेला, आता निवृत्त झालेला, पुण्याचा साधा माणूस. बुकिंग कन्फर्म करण्याआधी फोटो बघायला म्हणून ती दोघं आज येणार होती.

सकाळी जयंती आणि नंदन प्रिन्स अल्बर्ट शहरातून परतत होते. ऊन होतं, रस्ता कोरडा होता. उजवीकडच्या खंदकातून हरणी वर आली आणि थेट बंपरवर. आवाज एकदाच झाला, ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा. गाडी थोडी घसरली, पण विंटर टायर्स चांगले होते, थांबली. हरणी मागे रस्त्याच्या कडेला पडली होती.

"गेली," नंदन म्हणाला.

ती गेली नव्हती. आरशात जयंतीला दिसत होतं. हरणी पुढच्या दोन पायांवर उठायची, खूर बर्फात रोवायची, आणि मागचं अर्धं शरीर तसंच पडून राहायचं. पाठीचा कणा मोडला होता. तरी ती पुढच्या पायांनी स्वतःला जंगलाकडे ओढत होती. मागे बर्फावर लालसर पट्टा उमटत होता.

"कुणाला तरी फोन करा," जयंती म्हणाली.

"रेंज नाही. कोणीतरी येईल मागून. बस आत, थंडी बघ बाहेर."

"तासभर जगेल ती अशी."

"मग आपण काय करणार, जयंती? पोलिस बघतील. पाचला डॉक्टर यायचेत."

तिने डिकी उघडली. पिशवीतून सहा इंची सुरी काढली, अंगठ्याने धार पाहिली. हरणीच्या पाठीमागून गेली, कारण पुढून गेलं तर मरणारं हरीण खुराने माणसाचं पोट फाडतं. गुडघा मानेवर टाकून तिने डोकं बर्फात दाबलं. हरणी ओरडली. हरीण ओरडतं हे पुष्कळांना ठाऊक नसतं, लहान मूल ओरडल्यासारखा आवाज असतो तो. जबड्याच्या कोनाखाली तिने बोटांनी नाडी शोधली, सुरी आडवी घातली आणि जोर लावून पलीकडे काढली. एका खेपेत झालं नाही. कातडी जाड होती, आणि केस, ते पोकळ केस, पात्याला चिकटत होते. दुसऱ्यांदा घातली तेव्हा रक्त मनगटावर आलं. इतकं गरम की तिचा हात क्षणभर भाजल्यासारखा झाला. बर्फातून वाफ निघाली. गुडघ्याखालचं धडधडणं आधी वाढलं, मग अडखळलं. पाय हवेत धावू लागले, थोडा वेळ तसेच धावत राहिले, आणि थांबले.

जयंतीने बुबुळाला बोट लावून पाहिलं. पापणी हलली नाही. मग सवयीने तिचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला. आत काहीतरी अजून हलत होतं. तिने हात काढला नाही, हलायचं थांबेपर्यंत.

गाडीत नंदनने हीटर वाढवून ठेवला होता. "हात पूस आधी," तो म्हणाला, "सीटला लागेल."

*

उल्काताई आल्या त्या पुढचा फुटका दिवा पाहूनच.

"अगं बाई, गाडीला काय झालं?"

"सांगतो, सांगतो," नंदन म्हणाला. "जेवताना. ती वेगळी स्टोरी आहे. आधी खाली चला. डॉक्टर, बूट तिथे काढा, बर्फ शोव्हल करायला आज वेळच नाही मिळाला."

बेसमेंटमध्ये पडद्यावर पिवळं गवत आलं. नंदनने रिमोट हातात घेतला आणि त्याचा आवाज बदलला, कीर्तनाला उभं राहिल्यावर बुवांचा बदलतो तसा.

"हा टांझानियाचा कॅम्प. तंबू म्हणू नका वहिनी, आत पलंग, गाद्या, पांढऱ्याशुभ्र चादरी. मागे वॉशरूम, भिंती बोरूच्या काड्यांच्या आणि वर छप्पर नाही. नुसतं आकाश."

"आकाशाखाली मी आंघोळ करणार नाही," उल्काताई म्हणाल्या.

"तिला कॉटेजवर खारीची भीती वाटते," डॉक्टर म्हणाले. "हत्तीने डोकावलं तर तिथेच आटपेल."

"तुम्ही आहात ना भूल द्यायला."

नंदन हसला आणि पुढे व्हिडिओ सुरू झाला. तीन तरस आणि विल्डबीस्टचं वासरू. गाईच्या वासराएवढं, काटकुळं, दाढीवालं. ते उभं होतं. तरसांनी मागून पोट फाडलं होतं, आतडी गवतावर आली होती आणि एक तरस ती ओढत होता, दोरी ओढावी तशी. वासरू समोर बघत होतं. त्याची आई थोड्या अंतरावर उभी होती, एकदा धावून आली, तरसाने दात विचकले, परत गेली.

उल्काताईंनी तोंड फिरवलं.

"हेच तर बघायला जायचं," नंदन म्हणाला. "इथे आपण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ग्रोसरीतून आणतो. तिथे निसर्ग! मी पापणी नाही लववली. वहिनी, सिंह आधी गळा धरतो, सभ्य आहे. तरस जिवंतपणी खातो. काय गं, किती वजन असेल या वासराचं?"

"तीस-पस्तीस किलो," जयंती म्हणाली.

हा त्यांच्या संसाराचा जुना शिरस्ता होता. गोष्ट नंदनने सांगायची, आकडे जयंतीने पुरवायचे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कधीतरी सुरुवात झाली, आणि तेव्हा त्यात गोडवा होता. तो ताडोब्याच्या वाघाची गोष्ट सांगायचा, ती पंजाची रुंदी सांगायची, आणि ऐकणारे दोघांकडे आळीपाळीने बघायचे. ती कधी चुकीचा आकडा देत नसे हे सगळ्यांना माहीत होतं. मंडळात म्हणतच, नंदनचं निम्मं सोडून द्या, पण वजन जयंतीला विचारा. तिच्या आकड्याचा शिक्का बसला की त्याच्या आजूबाजूचं सगळंच खरं होऊन जाई. तिने सांगितलेलं आणि न सांगितलेलंही.

"आणि आता," नंदन म्हणाला, "झांबिया."

पडद्यावर फाटका तंबू आला. कापड लोंबत होतं, पलंग मोडून पडला होता.

"आता ऐका. त्या कॅम्पचा नियम असा, की तंबूत खाण्याची वस्तू ठेवायची नाही. फळ तर नाहीच. आल्याआल्या सगळं त्यांच्या लोखंडी पेटीत द्यायचं. पण आमच्या बाईसाहेबांचं माहेर मालवण! हिच्या वहिनीने पाठवलेली आंबापोळी. जीव गेला तरी हातची सोडणार नाही. मी शंभरदा म्हटलं, जयंती, देऊन टाक. ऐकेल तर शपथ. पलंगाखाली लपवली. झालं. तिकडे ऑगस्टात आंबा कुठला? हत्तीला दोन मैलांवरून वास."

"जयंती," उल्काताई हसत म्हणाल्या, "आंबापोळीसाठी नवऱ्याला हत्तीच्या तोंडी दिलंस?"

"सकाळी आम्ही पुढच्या पडवीत चहा घेत होतो. हा कोपऱ्यावरून आला. आवाज नाही, काही नाही. ही बधिर उभी! मी पुढे झालो, हिचे दोन्ही दंड धरले आणि खस्सकन बाजूला ओढली. तरी सोंडेचा फटका बसलाच, गळ्याचं हाड गेलं, बरगड्या गेल्या. मी ओढली नसती तर आज मसणात दिवा लावायला गेलो असतो. केवढा होता गं?"

"खांद्यापाशी पावणेतीन मीटर," जयंती म्हणाली. "तीन टनांच्या वर."

डॉक्टरांनी मान हलवली. शिक्का बसला.

नंदन खोटं बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. सुरुवातीला थोडं इकडचं तिकडे केलं असेल, लाजेपोटी. पण इतक्या बैठकांत सांगून सांगून त्याला आता तेच दिसत होतं. तिला मात्र दुसरं दिसत होतं, आणि ते कुठल्याही बैठकीत उघडलेलं नसल्यामुळे जसंच्या तसं राहिलं होतं.

आंबापोळी तिने पहिल्याच दिवशी पेटीत देऊन टाकली होती. दोन वळकट्या नंदनने कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवून घेतल्या होत्या. "चहाबरोबर लागतं मला काहीतरी." तिने म्हटलं, द्या ना, नियम आहे त्यांचा. तो म्हणाला, "हत्तीला कळतंय होय, मालवणची का दापोलीची?" तिला हसू आलं होतं. तिने विषय सोडला होता. तेवढा दोष तिचा होता, आणि तो तिने स्वतःच्या खाती कधीच टाकला होता.

सकाळी हत्ती आला तेव्हा दोघं उभे होते. कपातला चहा अजून गरम होता. हत्तीचे कान उघडले, आणि त्याच क्षणी तिचे दंड कुणीतरी घट्ट पकडले. पकड इतकी जोराची होती की हातातला कप सुटला. तिला हलता येईना. ती मागे सरकत होती, कारण मागचा माणूस मागे सरकत होता, आणि तिला धरून सरकत होता. पोतं पुढे धरावं तसं. मग सोंड फिरली. डावीकडून आली, खांब कोसळावा तशी. आतून हाड मोडल्याचा आवाज कानाला नव्हे, दातांना कळला. दंडांवरची पकड सुटली. ती पडली, चहाच्या टेबलाच्या कडेवर, आणि मग खाली लाकडी फळ्यांवर.

हत्ती तिच्यावरून आत गेला. त्याला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती त्याच्या चार पायांच्या मधे होती आणि श्वास घेता येत नव्हता, म्हणून ती बघत होती. पुढच्या पायाला चार नखं, मागच्याला तीन. नखांच्या कडेला वाळलेला चिखल. तोंडात रक्ताची चव. वर पलंगाचं लाकूड फुटत होतं, कापड फाटत होतं, आणि मागे, बोरूच्या भिंतीपलीकडे, त्या आकाशाखालच्या वॉशरूममध्ये, नंदन ओरडत होता. तिचं नाव घेऊन नाही. नुसतं, वाचवा, वाचवा.

हत्तीला बॅग सापडली. मग तो शहाण्यासारखा जाऊ शकला असता, पण चव लागली होती. तो पुढच्या तंबूकडे वळला, मग त्याच्या पुढच्या. पार्कचे लोक आले. तिला जीपच्या मागच्या बाकावर आडवं घालत होते तेव्हा पहिली गोळी ऐकू आली. मग दुसरी. हत्ती किंचाळला. हरणीसारखा नाही, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. मग पुन्हा गोळी, आणि मग जमीन हलल्याचं तिला पाठीतून कळलं.

विमानाच्या पट्टीकडे जाताना तो दिसला. गुडघे मोडून छातीवर बसला होता, देवळाबाहेर दगडी हत्ती बसतात तसा. गावातले लोक कुऱ्हाडी घेऊन आले होते. दोघं पाठीवर चढले होते. एकाने पोटाला उभी चीर घातली आणि आतलं सगळं एकदम बाहेर आलं, निळसर, वाफाळतं, माणसाच्या कमरेएवढं. जयंतीने आयुष्यभर पोटं उघडली होती. तिला वाटलं, ते जठर कुणी नीट उघडून बघितलं, तर वरच्या थरातच सापडेल. मालवणच्या अंगणात वाळवलेला आंबा, अजून न पचलेला.

आणि मग लुसाकाचं हॉस्पिटल. नर्सने गाऊन बदलायला वॉशरूममध्ये नेलं आणि आरशासमोर उभं केलं. दोन्ही दंडांवर माणसाचे हात उमटले होते. जांभळे, कडा स्पष्ट. जयंती बघत राहिली. नर्सने हळूच विचारलं, हे नवऱ्याने केलं का? जयंती म्हणाली, हत्तीने. आणि तेव्हा, ते बोलता बोलता, तिने ठरवलं.

नंदन घाबरला म्हणून नव्हे. वासराची आईसुद्धा मागे फिरली होती. भीतीला कोण काय करणार? पण तो त्या संध्याकाळी पलंगाशी बसून तिथल्या डॉक्टरांना सांगत होता, आय पुल्ड हर आउट, आणि सांगताना तिच्याकडे वळून म्हणाला होता, "काय गं?" आणि ती फुटलेल्या बरगड्यांनी, औषधाच्या गुंगीत, हो म्हणाली होती.

*

वर टेबलावर गोळाभात होता, कढी होती, हिंगाची गरम फोडणी वेगळ्या वाटीत. जयंती वाढत होती.

"आता दिव्याची स्टोरी," नंदन म्हणाला आणि भातावर फोडणी ओतून घेतली. "आज सकाळी. हायवेवर हरीण आलं. ही एकदम किंचाळली म्हणून माझा हात हलला, नाहीतर मी चुकवलं असतं. कणा मोडला बिचारीचा. तडफडत होती. फोनला रेंज नाही. आता काय करायचं? असं कसं सोडून जायचं? म्हटलं, संपवायला पाहिजे. हिच्या पिशवीतून सुरी काढली, गेलो, गुडघा टाकला मानेवर, आणि..." त्याने भाताच्या हाताने हवेत एक रेघ ओढली. "एका झटक्यात. डोळ्यात पाणी आलं राव, पण केलं."

"बाप रे," डॉक्टर म्हणाले. "मला नसतं जमलं."

"आफ्रिकेने शिकवलं डॉक्टर. तिथे दोनदा जाऊन आलं की माणूस कणखर होतो. किती वजन असेल गं तिचं?"

जयंतीच्या हातात कढीची पळी होती. तिने ती पातेल्यात ठेवली.

"साठ किलो," ती म्हणाली. "पोटातलं पिल्लू धरून."

नंदनने वर पाहिलं. "पिल्लू?"

"होतं."

"तुला कसं कळलं?" उल्काताईंनी विचारलं.

"हात लावून पाहिला. मान मी कापली, उल्काताई. एका झटक्यात नाही झालं. दोनदा घालावी लागली. हे गाडीत होते."

नंदन हसला. हसू ओठांवरच राहिलं. "म्हणजे दोघांनी मिळून नं. मी म्हणालो नव्हतो का, सोडव तिला?"

"नाही. तुम्ही म्हणालात, सीटला लागेल."

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. उल्काताई जयंतीच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जयंती, मला खरं सांग. मी यायचं ठरवलंय ते तू सोबत आहेस म्हणून. पायी चालायचंय तिथे. नंदनभावजी असले की भीती नाही, असं हे म्हणतात. तू सांग."

"वहिनी, तिला काय विचारता," नंदन म्हणाला. "हत्तीच्या वेळी..."

"दाखवा ना," जयंती म्हणाली.

"काय?"

"कसं ओढलंत ते. डॉक्टरांना दाखवा. या इकडे."

त्याला ते आवडलं. तो बेसिनवर हात धुऊन आला, टेबल आणि फ्रिजच्या मधल्या मोकळ्या जागेत जयंतीसमोर उभा राहिला. "ही अशी उभी होती. बधिर. मी असा पुढून आलो." त्याने तिचे दोन्ही दंड धरले आणि स्वतःकडे ओढले, बेताने, नाटकात ओढतात तसे.

"थांबा, असेच राहा," जयंती म्हणाली. "डॉक्टर, अंगठे कुठे आहेत बघा."

डॉक्टर उठून जवळ आले. चष्मा वर सरकवला. "पुढे. दंडाच्या आतल्या बाजूला."

"आणि बोटं?"

"मागे गेलीत."

"समोरच्या माणसाने धरलं की तसंच होतं. लुसाकाच्या हॉस्पिटलात माझ्या दंडांवर चार बोटं पुढे होती, आणि अंगठा मागे. दोन्हीकडे."

डॉक्टरांनी आपला स्वतःचा हात हवेत उचलला, समोर कुणीतरी पाठमोरं उभं आहे असा धरला, आणि बघितला. अंगठ्याकडे बघितला. हात खाली गेला.

"नंदन," ते म्हणाले.

"दीड वर्षांनी?" नंदन म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "गुंगीत होतीस तू. तुला तसं वाटलं."

"मला वाटलं नाही. मी पाहिलं."

"तू मला हे लोकांसमोर..." त्याचे हात अजून तिच्या दंडांवर होते. बोटं आवळू लागली. जयंतीला ती पकड ओळखीची होती. त्याने आजवर तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, तशी वेळच आली नव्हती, सगळ्या गोष्टी त्याच्याच बाजूने सांगितल्या जात होत्या. आता अंगठे रुतत गेले, आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते. उद्या तिथे निळं होईल. या वेळी पुढे.

"माझ्या घरात बसून," तो म्हणाला, आणि त्याने तिला हलवलं. तिचं डोकं मागे फ्रिजवर आपटलं. वरचं केयाच्या फोटोचं चुंबक निसटून फरशीवर पडलं. त्याने पुन्हा हलवलं. "माझंच अन्न..."

"नंदन, सोड तिला." डॉक्टरांनी त्याचं मनगट धरलं, पण ते म्हातारे होते आणि नंदन आयुष्यभर खाणीत राबलेला होता. उल्काताईंची खुर्ची मागे पडली.

जयंती ओरडली नाही. तिने नंदनच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, कपाळावर घाम होता, श्वास तोंडाने चालला होता. हत्ती आला तेव्हा तो तिच्या मागे होता, म्हणून त्या वेळचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. तो असाच असणार. तिला त्याची कीव आली, हरणीची आली होती तशी, आणि तिचा आवाज अगदी नेहमीचा निघाला, वजन सांगतानाचा.

"अहो," ती म्हणाली, "मी आफ्रिकेला येणार नाही. उल्काताई, तुम्हीही जाऊ नका. आणि अहो, आजपासून मी तुमच्याबरोबर राहणार नाही."